खालून द्यायचं, वरून घ्यायचं

"बाळाले पाळण्याखालून द्याचं नाई म्हंजे नाई," प्रणालीनं तिसऱ्यांदा सांगितलं.

"आजवर कोनाच्या लेकराले काय झालं वं?" सासू सुभद्राबाई घुगऱ्यांचे हरभरे निवडता निवडता म्हणाल्या. "खालून द्याचं, वरून घ्याचं. त्याबिगर बारसं होते का?"

झालं! आता काय कपाळ बडवून घ्यायचं? बाळ तीन महिन्यांचं. जन्मतःच मांडीचं हाड मोडलेलं, प्लास्टर निघालं म्हणून आता कुठं बारसं. हाडं ठिसूळ असण्याचा हा जन्माचाच आजार. काखेत धरून उचललं तरी बरगडी मोडेल, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन्ही तळवे पसरून, पाठीखालून आधार देऊन कसं उचलायचं ते त्यांनी बाहुली घेऊन शिकवलं, तेव्हा सासूबाई मागच्या खुर्चीत खुशाल डोळे मिटून बसल्या होत्या. वर घरी आल्यावर आठवडाभर तळव्यांवर उशी घेऊन घरभर फिरत होत्या. सुनेची नक्कल, दुसरं काय! प्रणालीच्या ते फार जिव्हारी लागलं होतं.

बारशाच्या सकाळपासून काही धड होईना. ठेचा वाटायला वरवंटाच सापडेना. शेवटी तिनं मिक्सर लावला.

"तुह्या पोटात काईच राहात नाई," सासूबाईंनी टोमणा मारला. "सारं तोंडावर उमटते."

दुपारी बडनेऱ्याच्या त्या लहानशा घरात गल्लीतल्या बाया मावेनात. प्रत्येकीचे हात बाळाला घ्यायला शिवशिवत होते. "दे नं माह्या मांडीवर जराकसा!" प्रणाली बाळाला घेऊन आतल्या खोलीतच बसून राहिली.

"जाय, घुगऱ्या करपून राहिल्या," सासूबाई आत येत म्हणाल्या. "मी हाये नं इथं."

ती गेली. पातेलं उतरवून परत येते तो बाहेर पाळणा म्हणायला सुरुवातसुद्धा झाली होती. निळं टोपरं, हिरवं दुपटं. सासूबाईंनी गाठोडं पाळण्याखालून दिलं, त्यांच्या नणंदेनं, पार्बताबाईंनी, ते घेऊन वरून परत केलं. एकदा, दोनदा, तीनदा.

प्रणाली दारातच थबकली. ओरडावं, तर दचकून कुणाचा हात सुटेल. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. अरे देवा, माझं लेकरू!

पाचव्या फेरीनंतर सासूबाई थेट तिच्याकडे आल्या आणि गाठोडं तिच्या हातांत दिलं. तिनं दोन्ही तळवे पसरून घेतलं. हात एकदम खाली गेले. टोपऱ्याआड गाल थंडगार लागला.



सासूबाई तिच्या कानाशी वाकल्या. "लेकरू मांगच्या खोलीत निजलं हाय. तळव्यावर नेलं म्या, जागंबी नाई झालं. हसतं तोंड ठेव, बाया पाहून राहिल्या. हा वरवंटा हाय."