बारीक शिटी

"आता ऐकू आली ना?" पुष्पलताबाईंनी टेप थांबवून विचारलं.

"आली," मारोतराव म्हणाले.

ते खोटं बोलले होते. टेपवर त्यांना ऑर्गन ऐकू आला, प्रार्थनेची चाल ऐकू आली, मधेच बाईंची खुर्ची करकरली तीही ऐकू आली. पण ज्या शिटीपायी बाईंनी त्यांना चौथ्यांदा धरमपेठेत बोलावलं होतं, ती काही ऐकू आली नाही.

बाई शाळेत संगीत शिकवायच्या. स्नेहसंमेलनातल्या नाचांची गाणी त्या संध्याकाळी घरीच इलेक्ट्रिक ऑर्गनवर वाजवून टेप करत. महिनाभरापासून त्यांच्या प्रत्येक कॅसेटवर एक बारीक शिटी उमटत होती. मारोतरावांनी टेपचं हेड पुसलं, पिना पुन्हा झाळल्या, ऑर्गनपासून टेपपर्यंत भिंतीकडेनं गेलेली लांब वायर बदलली. दर वेळी ते "झालं" म्हणून उठत आणि दोन दिवसांनी बाईंचा निरोप येई.

"परवा संमेलन आहे. मी शाळेत तालमीला जाऊन येते," बाई चपला घालत म्हणाल्या. "तेवढ्यात काय ते शोधा. नाहीतर मला सरळ सांगा, मी दुसरं कोणी बघते."

बाई गेल्या. मारोतराव खालीच बसले. गुडघे दुखत होते, पण थकवा गुडघ्यांचा नव्हता. सीताबर्डीत त्यांचं तीस वर्षांचं दुकान. गिऱ्हाइकानं रेडिओ समोर ठेवावा, मारोतरावांनी डोळे मिटून ऐकावा आणि मागचं झाकण उघडायच्या आधीच काय बिघडलं ते सांगावं. नागपुरात मिस्त्री पुष्कळ, कान एकच, असं लोक म्हणत. अलीकडे मात्र दुरुस्त करून नेलेले सेट परत येऊ लागले होते. पूर्वीसारखा माल येत नाही, असं मारोतराव सगळ्यांना सांगत. घरीही हेच सांगत.

त्यांनी तीच कॅसेट पुन्हा लावली. आवाज मोठा केला. स्पीकरला कान लावला. काही नाही.

"बंद करा नं भाऊ ते. कान टोचून राहिले."

दारात अंजनाबाई उभी होती. इंदोरा वस्तीतून रोज दोन वेळा यायची, स्वयंपाक आणि वरकाम करायची. वय असेल अठ्ठावीस-तीस. हातात फरशी पुसायचं ओलं फडकं.

"काय टोचून राहिलं?"

"ती शिटी. सारखी वाजून राहिली नं."

मारोतरावांनी हेडफोन तिच्यापुढे धरला. "हे घाल कानाले. मी हात वर केला का सांगायचं, शिटी आहे का गेली."

अंजनाबाईनं पदराला हात पुसले. खुर्चीवर बसली नाही, जमिनीवरच मांडी घालून बसली. मारोतरावांनी वायर बदलून थोडं वाजवलं, टेप केलं, ऐकवलं.

"आहे."

ट्यूबलाइट बंद केली.

"आहे, भाऊ."

दुसऱ्या बोर्डात पिन घातली. टेप उचलून स्टुलावर ठेवला. अर्धा तास गेला. थंडीचे दिवस असूनही मारोतरावांची बंडी घामानं पाठीला चिकटली. आंधळ्यानं दुसऱ्याच्या हाताला धरून रस्ता ओलांडावा तसं चाललं होतं. शेवटी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

अंजनाबाईनं हेडफोन काढला. जरा घुटमळली.

"सांगू का भाऊ? अशीच शिटी आतल्या खोलीत वाजते. महिन्याआधी टीव्ही घेतला नं, बाईच्या सासूबाई तो लावतात तवा. आवाज एकदम कमी केला तरी मले रांधणीत समजते, टीव्ही लागला म्हणून."

मारोतराव आत जाऊन बघून आले. टीव्ही मंद आवाजात चालू होता आणि याच भिंतीला पलीकडून टेकवून ठेवला होता. अलीकडून ऑर्गनची वायर.

गावात टीव्ही येऊन दोन वर्षं झाली होती. मारोतरावांनी पन्नास तरी सेट उघडले असतील. टीव्हीच्या पोटात एक फार बारीक शिटी चालू असते, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. वय झालेल्या कानाला ती पोचत नाही, हेही त्याच पानावर होतं. ते पान त्यांनी कोणा दुसऱ्याबद्दलचं समजून उलटलं होतं.

दोघांनी मिळून ऑर्गनचं टेबल वायरीसकट खिडकीकडच्या भिंतीला सरकवलं. नवी कॅसेट घातली. मारोतरावांनी ऑर्गनवर जमतील तसे चार सूर दाबले आणि टेप ऐकवला. अंजनाबाईनं चारही सूर संपेपर्यंत ऐकलं.

"गेली," ती म्हणाली.

बाई तालमीहून आल्या. स्वतः वाजवून, टेप करून त्यांनी दोनदा ऐकलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"मारोतराव, तुमच्या कानाला तोड नाही."

"कान माझे नव्हते, बाई. शिटी या अंजनाबाईनं शोधली."

बाई हसल्या. मारोतराव थट्टा करताहेत असंच त्यांना वाटलं. "अंजना, मिस्त्रींना चहा टाक," म्हणून त्या पुन्हा ऑर्गनवर बसल्या.

चहा घेऊन मारोतराव निघाले, पण फाटकाशी सायकल धरून उभेच राहिले. थोड्या वेळानं अंजनाबाई काम आटोपून बाहेर आली. त्यांना बघून थांबली. आवाज खाली आणून तिनं विचारलं, "भाऊ, तुमाले ती शिटी आयकूच नव्हती येत नं?"

हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही नाही.

"नाही," मारोतराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "उद्यापासून माझ्या दुकानात येशील का?"

"झाडायले?"

"नाही वं," मारोतराव म्हणाले. "आयकायले."