घारकड्यावरचा दोर

“गाठ मीच मारनार,” नथू म्हणाला. चार वर्षांत सोपानशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

सोपानने निमूट हात वर केले. नथूने त्याच्या कमरेला दोर बांधला, दोनदा हिसकून पाहिला आणि जांभळीच्या बुंध्याला वेढा देऊन दुसरं टोक हातात घेतलं. डोळ्याला डोळा मात्र भिडवला नाही.

“तुझ्यासाठी न्हाई धरत. ताईसाठी धरतोय.”

“ठावं हाय,” सोपान म्हणाला.

लोणावळ्याच्या पलीकडे हा घारकडा उभा आहे. हिमालय पालथा घालून आलेली पुण्याची गिर्यारोहक मंडळी इथून तीनदा हात हलवत परत गेली होती. वरच्या अंगाला कड्याचं पोट पुढे आलंय, तिथे भल्याभल्यांची बोटं सुटतात. येत्या रविवारी ती मंडळी चौथ्यांदा येणार होती, आणि सोपानला त्यांच्या आधी चढायचं होतं. आज्याने आणि बापाने ज्या कड्यावरचा मध काढला, त्याच्यावर पहिलं नाव परक्याचं लागावं, हे काही त्याला सोसवत नव्हतं.

मध काढणाऱ्या त्याच्या घराण्यात एक रीत होती. वरून दोर धरायचा तो बायकोच्या भावानेच. सख्खा भाऊ नको, त्याचा वाटणीवर डोळा असायचा. मेहुणा कसाही असला तरी बहिणीचं कुंकू पुसायला धजत नाही.

आता सोपानचा मेहुणा म्हणजे हा नथू. नथूच्या थोरल्या बहिणीचं, सारिकाचं, लग्न दुसरीकडे ठरलं होतं, पत्रिकाही वाटून झाल्या होत्या, आणि तेव्हा सोपानने तिला पळवून नेलं. बाप नसलेल्या घरात नथूच कर्ता. त्याला दारोदार फिरून लग्न मोडल्याचं सांगावं लागलं. लोकांनी चहा पाजून पाजून चौकशा केल्या. असला चहा माणूस कसा विसरेल?

आजचं हे सगळं जुळवून आणलं सारिकाने. भावाच्या हातापाया पडली आणि नवऱ्याला दम भरला. “चढायचं तर नथ्याच्या दोरावर चढा, न्हाईतर कड्याचं नाव काडू नका. मी दुपारी भाकरी घिऊन येते. दोघांनी एका फडक्यावर जेवायचं.” कड्यापेक्षा तिला त्या जेवणाचीच जास्त घाई होती.

नथूने दोर सोडत सोडत सोपानला खालच्या कपारीपर्यंत उतरवलं. तिथून सोपान उलटा फिरला आणि चढू लागला. वरून दोर आवरला जात होता, ना ढिला ना ताठ. गडी जाणता आहे, हे सोपानला मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

पोटाखाली पोचल्यावर त्याने दम घेतला.

“सारिका आली का रं?”

“निगालीय,” वरून आवाज आला. “गाडीवर येतीय.”

सोपान खूश झाला. तिच्यादेखत वर पाऊल ठेवायचं, असं ठरवून त्याने पोटाच्या चिरेत बोटं रुतवली आणि अंग बाहेर लोंबकळत सोडलं. एक हात. दुसरा हात. घाम डोळ्यांत उतरत होता.

वर नथूचा फोन वाजला. वाजून थांबला आणि पुन्हा वाजला. मग नथूचा आवाज आला, “हां, बोला.” पुढे काहीच ऐकू आलं नाही.

तेवढ्यात सोपानची बोटं सुटली.

दोराने झेलायला हवं होतं. झेललं नाही. चांगला सहा-सात हात तो खाली गेला, मग कमरेत असा हिसका बसला की श्वासच थांबला. पायाखाली चारशे फूट पोकळी, आणि तो तिच्यात गरगर फिरतोय. दोर पुन्हा वीतभर घसरला.

हा सोडतोय! चार वर्षं दबा धरून बसला आणि आज डाव साधतोय!

“नथू!” तो जिवाच्या आकांताने ओरडला. “तुझ्या ताईच्या कुंकवाची आन हाय तुला!”

दोर जागचा हलला नाही. किती वेळ, ते त्याला कधीच सांगता आलं नाही.

मग दोर ताठ झाला. हातभर वर सरकला, आणखी हातभर. सोपानची बोटं चिरेला लागली. वरून असा जोर येत होता की तो चढला कमी आणि ओढला गेला जास्त. शेवटी छाती घासत तो कड्याच्या माथ्यावर येऊन पडला.

घारकडा सर झाला होता. पण त्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

“मारनार व्हतास मला! दोर सोडलास!”

नथूच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती, दोर रक्ताने माखला होता.

“कुटं हाय सारिका? बोलाव तिला. तिच्या भावाचं इमान तिच्याच तोंडावर सांगतो.”

नथूने त्याच्या कमरेची गाठ सोडली. दंडाला धरून त्याला कड्यापासून दहा पावलं आत नेलं, खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं आणि स्वतः समोर बसला.

“भुशीच्या वळनावर टेम्पोनं उडवलं तिला,” तो म्हणाला. “तुमी आन घातली तवा ताई जाऊन घटकाभर झालती, दाजी.”