समुद्रातून परत

मालागाच्या किनाऱ्यावर बँड वाजू लागला. स्पॅनिश कोळ्यांनी चर्चमधल्या आपल्या देवीची मूर्ती खांद्यावर घेतली आणि ते थेट पाण्याकडे चालू लागले, तसे अनंतराव खुर्ची फिरवून समुद्राकडे पाठ करून बसले.

"अहो बाबा, हेच तर बघायला आलोय ना आपण!" सुमेधा म्हणाली.

"तू बघ. मला विसर्जन बघवत नाही."

दहा महिन्यांपूर्वी हरिहरेश्वरला त्यांनी बायकोच्या अस्थी पाण्यात सोडल्या होत्या. तेव्हापासून समुद्राकडे त्यांनी तोंड केलं नव्हतं. इथे लेकीच्या घरी आल्यापासून समुद्राकडच्या खिडकीचा पडदाही ते ओढूनच ठेवायचे.

सुमेधाने मागवलेल्या भाजलेले तारली मासे ताटलीत गार होऊन गेले. सूर्य कलला. मग बँडचा आवाज पुन्हा जवळ येऊ लागला.

"बुडवून झाली?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"बुडवतील कशाला? होडीतून फिरवून परत आणलीय तिला. वळून बघा तरी."

ते वळले. छातीपर्यंत भिजलेले कोळी मूर्ती सावरत वाळूवर चढत होते. देवीचा झगा कोरडा होता.

"आता कुठे नेणार?"

"आता घरी. देवळात."

मूर्ती गल्लीत दिसेनाशी होईपर्यंत अनंतराव बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची समुद्राकडे वळवली आणि एक गार तारली उचलली.

"तुझ्या आईचा फोटो माझ्या बॅगेत तळाशी आहे," ते म्हणाले. "घरी गेल्यावर काढू. खिडकीत ठेवू."