पुडीतलं बी

डब्या साठ होत्या. ओसरीवर आडव्या टाकलेल्या फळीवर वीस-वीसच्या तीन ओळी. प्रत्येक डबीत कपाशीच्या हिरव्या बोंडाचा एक काप आणि एक अळी. आज सातवा दिवस होता.

"मोजणार मी," संगप्पा म्हणाले. "तू नुसती झाकणं काढ."

मंजुश्रीने बारीक ब्रश वडिलांच्या हातात दिला. "केसाने हळूच टोचा, आप्पा. हलली तर जिवंत."

संगप्पांनी चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला, घातला, काढून पुन्हा पुसला. त्यांच्या खिशात घडी केलेला अर्ज होता. उमाशंकरने दुकानातून विकलेलं बियाणं बोगस निघालं, त्याचा परवाना रद्द करावा. खाली चौतीस सह्या, पहिली त्यांची. अर्ज अकराच्या आत मुखेडच्या कचेरीत द्यायचा होता. उमाशंकर आणि ते तीस वर्षं एकाच चंचीतली तंबाखू खात आले होते.

दारात मोटारसायकलचा हॉर्न वाजला. सह्या गोळा करणारा अमृतराव खाली न उतरताच ओरडला, "आप्पा, चला की! साहेब एकदा उठले की घावत न्हाईत."

"आलो. पाच मिनिटं."

"आता मोजायचं काय ऱ्हायलंय? बीटीच्या झाडातच इख असतंय, आळीनं खाल्लं की मेली. आपल्या मेल्या का? न्हाई. म्हंजी बी खोटं. संपलं."

"किंवा अळी बदलली," मंजुश्री म्हणाली.

"लातूरला शेतकी शिकायला पाठवून हे शिकलीस?" संगप्पांनी ब्रश खाली ठेवला. "देवानं जी आळी घडवली ती तीच ऱ्हाती. बदलताना कुणी बघितली? तू बघितलीस?"

"तुम्ही दरवर्षी बियाला कुठलं कणीस ठेवता?"

"मोठं."

"का?"

"पुढली मोठी यावीत म्हणून." ते थांबले. तिने हे का विचारलं ते त्यांच्या ध्यानात आलं. "पण किती बी मोठं होऊ दे, ज्वारीच ऱ्हाती. तूर झाली न्हाई अजून."

अमृतराव मोठ्याने हसला.

"ही पण अळीच राहिली, आप्पा. फक्त विष पचवते. पहिल्या वर्षी दोन-चार वाचल्या असतील. पुढे त्यांचीच पोरं उरली. तसं होऊ नये म्हणूनच पिशवीत ती पुडी येते."

संगप्पांनी वर बघितलं. छताखालच्या फळीवर तेरा पुड्या होत्या. बीटीच्या पिशवीसोबत मिळणारं साध्या कपाशीचं बी, शेताच्या कडेने पेरायचं. आळीला जेवण घालायला कोण पेरतंय, असं ते दर वर्षी म्हणत आणि पुडी वर टाकत. गावात कुणीच पेरत नव्हतं.

"साध्या झाडावर साध्या अळ्या जगल्या असत्या," मंजुश्री म्हणाली. "वाचलेल्यांच्या जोड्या त्यांच्याशी लागल्या असत्या. पिलांचा जोर उतरला असता."

"आळीची सोयरीक आता मी जुळवू?"

"सात दिवस झाले, मोजा तर."

पहिल्या दोन ओळींत तिने लातूरच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या अळ्या होत्या. त्यांच्या शंभर पिढ्यांनी बीटीचं झाड पाहिलेलं नव्हतं. तिसऱ्या ओळीत संगप्पांच्याच शेतातल्या पतंगांच्या अंड्यांतून निघालेल्या.

"तुझ्या लातूरच्या आळ्या नाजूक," संगप्पा म्हणाले. "बसल्या जागी खाऊन वाढलेल्या. त्या अशाच मरत्याल."

"म्हणून पहिल्या ओळीत त्यांना साधी बोंडं दिली. एक पुडी मी फोडली होती. हौदाजवळची सहा झाडं तिच्यातली."

संगप्पांनी पुन्हा वर बघितलं. मग ब्रश उचलला आणि पहिली ओळ मोजली. अळ्या गुबगुबीत झाल्या होत्या. केस लागताच आक्रसत होत्या.

"नाजूक न्हाईत," ते पुटपुटले.

दुसरी ओळ. त्याच अळ्या, पण बोंडं संगप्पांच्या शेतातली, उमाशंकरच्या पिशवीची. पहिली हलली नाही. दुसरी हलली नाही. पाचवीला त्यांनी ब्रश उलटा करून दांडीने ढोसलं. अळी काळी पडून दोऱ्यासारखी सुकली होती. दहाव्या डबीपर्यंत मधूनमधून वाजणारा हॉर्न थांबला होता. अमृतराव चप्पल काढून वर आला आणि त्यांच्या खांद्यावरून डब्यांत बघू लागला.

ओळ संपली.

"इख हाय की ह्यात," अमृतराव म्हणाला. "मंग उमाशंकर..."

"गप बस."

तिसरी ओळ राहिली होती. शेतातल्या अळ्या.

"ही बोंडं कुठली?" संगप्पांनी विचारलं.

"दुसऱ्या ओळीतलीच. त्याच झाडांची. काप तुम्हीच केलेत."

ते मोजू लागले. अकराव्या डबीला आकडा चुकला. पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. विसाव्या डबीनंतर ते मागे फिरले आणि तिसऱ्यांदा मोजलं.

"आप्पा, साडेधा वाजले," अमृतराव हळूच म्हणाला.

मंजुश्रीने वही पुढे केली. संगप्पांनी ती घेतली नाही. खिशातला अर्ज काढला, घडी उलगडली, मांडीवर पालथा घातला आणि कोऱ्या बाजूला पेन दाबून लिहिलं.

पहिली ओळ: जिवंत १८, मेलेल्या २.

दुसरी ओळ: जिवंत ०, मेलेल्या २०.

तिसरी ओळ: जिवंत १७, मेलेल्या ३.