मुकादमी

आष्टीत घरीच गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या ऋतुजाकडं रामेश्वर पोरं पाठवायचा आणि दर पोरामागं पहिल्या महिन्याची फी घेऊन जायचा. आज एक बाई आपल्या पोरीला स्वतःच घेऊन आली, तरी संध्याकाळी हा दारात हजर.

"हिची फी तुला मिळणार न्हाई," ऋतुजा म्हणाली. "आन इथून पुढं कुणाचीच न्हाई."

"मग रिकाम्या खोलीत शिकवा, मॅडम. मी पोरं दुसरीकडं पाठवतो."

"पाठव. माझे मायबाप ऊस तोडायचे, तवा तुझा बाप मुकादम म्हणून त्यांच्या मजुरीतून कमिशन कापायचा. मी शिकले, आमच्या घरचा कोयता सुटला. तुमच्या घरची मुकादमी कवा सुटायची, रामेश्वर?"