पॅच टाकण्यापूर्वी

रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला चुका सुधारणारा पॅच टाकायचा, तर आधी संगणकाच्या पडद्यावरचे सगळ्या वॉर्डांचे दिवे हिरवे हवेत. वृंदानं बॅकअप घेतला, वॉर्डावॉर्डांत फोन करून सांगितलं. साहेबांनी दुपारचा एकच तास दिला होता. तो हुकला तर तिचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार होतं. आणि नेमका बाळंतिणींच्या वॉर्डाचा दिवा लाल!

ती तणतणत खाली गेली. नेटवर्कच्या पेटीचा प्लग उपटून आयामावशींनी तिथे पाण्याची किटली लावली होती.

“मावशी, हा प्लग काढायचा नसतो हो!”

“दुसरा पॉइंट जळालाय. आत्ताच मोकळी झालेली पोरगी कुडकुडतीय, तिच्यावर काय तुमचा प्याच पांघरू?” असं म्हणत मावशींनी दुपट्यातलं बाळ वृंदाच्या हातात ठेवलं. “धरा जरा.”

प्लगकडे निघालेला वृंदाचा हात बाळाच्या मानेखाली गेला. बाळानं जांभई दिली. घड्याळाकडे बघायचं राहूनच गेलं.

तेवढ्यात फोन वाजला. तिनं तो कसाबसा खांद्याशी धरला.

“टाकला का पॅच?” साहेबांनी विचारलं.

“तयारी चाललीय, सर,” ती कुजबुजली. “पाणी उकळलं की टाकते.”