वाळक्या काडीची सावली

टँकर कोरडा होता. मुकादमाचा फोन बंद होता. भर उन्हात बायकोचा हात गार लागत होता.

हायवेच्या दुभाजकावर आम्ही दोघांनी लावलेली सगळी रोपं जळाली होती. त्यातल्याच एका रोपाच्या वाळक्या काडीची सावली मात्र मोठ्या झाडाएवढी पडायची. बायको डबा खायला तिथेच बसायची.

"अहो, या की! उन्हात कसलं तप करताय?"

"ऊठ तू आधी."

ती हसत उन्हात आली. पानांच्या सावल्या तिच्या चेहऱ्यावर तशाच हलत राहिल्या.

घरी आल्यावरही हलत होत्या. मी ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. चौथ्या दिवशी सावली इतकी दाट झाली, की मला तिचे डोळे सापडेनात.

"किती गार वाटतंय हो," ती म्हणाली.

त्या काडीचं रोप लावताना मुळांवरची प्लॅस्टिकची पिशवी मी काढलीच नव्हती.